एका कोयत्याचं कार्ड

कारखान्याचा तळ,
५ डिसेंबर

चिरंजीव तेजूस,

आत्याचा आशीर्वाद, आणि आधीच सांगते, पत्र बघून घाबरू नकोस. कुणी गेलेलं नाही. फोन का केला नाही असं तू म्हणणार. फोन तुझ्या आतोबांच्या खिशात असतो आणि स्पीकर लावल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नाही. मी एक वाक्य बोलले की अख्खा तळ ऐकतो. मला जे विचारायचं आहे ते त्यांच्याबद्दलच आहे, म्हणून पेन हातात घेतलं. तुला पाटीवर अक्षरं आणि बेरीज-वजाबाकी मी शिकवली, ती कधीतरी कामाला यायचीच होती.

हे पत्र मांजरसुंब्याला वाहेदभाईंच्या पंक्चरच्या दुकानात पोहोचेल. आपल्याकडचे ट्रकवाले तिथं थांबल्याशिवाय पुढं जात नाहीत. उत्तरही तिथंच ठेव. पोस्टाचा उपयोग नाही. आज आम्ही या फडात, उद्या त्या फडात. पोस्टमन बिचारा कोणत्या उसात शोधणार?

तर, गेल्या गुरुवारी तळावर बीपी तपासायचं शिबिर झालं. मोठा मांडव, त्यावर लालभडक हृदयाचं चित्र. एक जण लाऊडस्पीकरवरून सांगत होता की हा आजार दिसत नाही, दुखत नाही, आवाज करत नाही आणि माणसाला मारतो. माझ्या शेजारची म्हणाली, "दिसत न्हाई, आवाज न्हाई आन् मारतंय... मंग ह्यो मुकादमच की!" सगळ्या बाया इतक्या हसल्या की त्या माणसाला दोनदा थांबावं लागलं.

यादी मुकादम सुंदररावांनीच दिली, बावीस कोयत्यांची. तुला माहीत आहेच, त्यांच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. वहीत एक, भाकरी मात्र दोघांच्या. प्रत्येक कोयत्याला एक पिवळं कार्ड मिळालं. आमच्या कार्डावर यांचं नाव आहे, आश्रुबा म्हणून, आणि आकडा एकशे बावन्न, खाली चौऱ्याण्णव. शेजारी लाल पेनानं 'जास्त' असं लिहिलंय. तीस गोळ्या दिल्या आणि महिन्यानं परत या म्हणाले. महिन्यानं कुठं या, ते कुणालाच माहीत नव्हतं.

हे हसण्यावारी नेतात. पण माझे सासरे असेच फडात बसल्या जागी गेले होते, हातातला कोयताही खाली पडला नव्हता. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तेजे, मला खरं सांग, एकशे बावन्न म्हणजे किती वाईट? यांना काय घालू, काय नको? फोनवर काही बोलू नकोस. चिठ्ठीतच लिही.

तुझी,
बायनाआत्या


उपकेंद्र,
११ डिसेंबर

आत्या,

तुला नमस्कार, आतोबांनाही, पण त्यांचा तू मनातल्या मनातच सांग. पत्र मिळालं. वाहेदभाईंनी ते दोन ट्यूबांच्या मधे जपून ठेवलं होतं, अजून रबराचा वास येतोय.

घाबरू नकोस. एकशे बावन्न हा काही आभाळ कोसळायचा आकडा नाही. मधला आहे. वेळेवर कळला, हे चांगलंच झालं. तुझ्यासारखी बायको असल्यावर आतोबांना काय होतंय? फक्त एवढं कर. गोळी रोज सकाळी, एकही दिवस चुकवायची नाही. मीठ निम्मं. लोणचं, ठेचा, खारे शेंगदाणे बंद. त्यांना रागवू देऊ नकोस आणि जड ओझं उचलू देऊ नकोस, विशेषतः डोक्यावरून.

इथं आमचीही मोहीम चालू आहे. सरकारनं मला समुदाय आरोग्य अधिकारी केलं, पण गाव अजून 'नर्सबाई' म्हणतं आणि म्हातारी माणसं 'तेजी'. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा दंड माझ्या पट्ट्यातून गेला पाहिजे. विठ्ठलरावांचा आकडा एकशे साठ आला, त्यांच्या बायकोचा एकशे तीस. तर हे पारावर जाऊन सांगतात, "आपलं तीसनं जास्त हाय!" जणू परीक्षेचे मार्क. एका आजोबांचं बीपी गोळ्यांनी जागेवर आलं, तर ते उरलेल्या गोळ्या परत घेऊन आले, "दुसऱ्या गरिबाला दे बाई, माझं काम झालं." एक आजी आतापर्यंत तीनदा तपासून गेली, कारण बिस्किटाचा पुडा मिळतो. मी दिवसभर एकच वाक्य बोलते, हे आयुष्यभराचं आहे, आणि दिवसभर लोक एकच प्रश्न विचारतात, मग बरं कधी होणार?

तुझं स्वतःचं कार्ड काय म्हणतं ते तू लिहिलंच नाहीस. पण तू नेहमीची ठणठणीत, तुला काय होणार! आतोबांकडे लक्ष ठेव म्हणजे झालं.

तुझी,
तेजू


कारखान्याचा तळ,
२३ डिसेंबर

तेजूस,

तू सांगितलंस तसं तंतोतंत चाललंय. एवढं तर मी देवाचंही ऐकत नाही.

गोळी रोज सकाळी माझ्या हातानं देते आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसते. लोणच्याची बरणी, ठेचा, खारे शेंगदाणे सगळं पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवलं. टाकून द्यायचं जिवावर येतं म्हणून ते मीच खाऊन संपवते. यांच्या पुढ्यात अळणी कालवण आलं की रोज भांडण. परवा ताट सरकवून म्हणाले, "कावून गं? मी काय आजारी कैदी हाय का? जेलात बी मीठ देत्यात!" मी ताट परत पुढं सरकवलं. तू रागवू देऊ नको म्हणाली होतीस ना.

ओझ्याचंही तसंच. आता हे नुसता ऊस तोडतात आणि मी मोळ्या बांधून डोक्यावर नेते. ट्रकला लावलेल्या फळीवर यांना पायच ठेवू देत नाही. सुंदरराव आधी कुरकुरले, "एका कोयत्यात एकच माणूस वझं उचलतंय, असं कसं जमंल?" मी म्हटलं, तुमच्या वहीत आम्ही एकच आहोत ना, मग एकानंच उचललं तर तुमचं काय गेलं? वही मिटून पुढं गेले.

आणि माझं बरोबरच होतं, तेजे. आठ दिवसांपासून हे उभं राहिले की यांना गरगरतं. एकदा तर फडातच खाली बसले. पायाचे घोटेही सुजलेत. म्हणजे आजार खरा आहे, आकडा खोटा नव्हता. आता सगळी टोळी यांना जपते. कुणी शहाळं आणून देतं, कुणी पेपर वाचून दाखवतं. खरं सांगू, यांनाही ते आवडायला लागलंय. दुपारी कोपीत, पाचटाच्या सावलीला आडवे होतात आणि मी आले की कण्हतात.

माझं म्हणशील तर बरं आहे. पहाटे उठलं की मानेच्या वर मागच्या बाजूनं ठणकतं, ते ओझ्याचं. पदर घट्ट बांधला की थांबतं. काल फळीवरून उतरताना मला एकाच्या जागी दोन ट्रक दिसले. माझं मलाच हसू आलं. एक भरता भरता जीव जातो, त्यात दुसरा कुठून आणला?

यांच्या गरगरण्याला दुसरी गोळी आहे का ते लगेच कळव.

आत्या


उपकेंद्र,
२९ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा जास्तच गोंधळले. एवढ्या आकड्याला ही एवढीशी गोळी दिली तर माणसाला बरं वाटायला हवं. मग आतोबांना का गरगरतंय? मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तेही विचारात पडले. म्हणाले, दुसरंच काहीतरी असेल, हृदय तपासायला हवं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढं तुझे सासरे येतात, मी त्यांना कधी पाहिलंही नाही तरी.

म्हणून न राहवून परवा फोन केला. स्पीकरवरून तू म्हणालीस, "सगळं बरं हाय गं," आणि मागून आतोबा ओरडले, "काय बरं न्हाई, मला मीठ पायजे!" आवाज तर चांगला खणखणीत होता. मला काही कळेनासं झालंय.

दोन गोष्टी कर. पहिली, कुणाच्या तरी गाडीवर बसून त्यांना मोठ्या दवाखान्यात ने. दुसरी, शिबिराच्या दिवशी काय काय झालं ते खुर्चीवर बसल्यापासून उठेपर्यंत मला लिही. पट्टा कुणी बांधला, किती वेळा बांधला, काय लिहिलं, सगळं. मापातच चूक असेल तर आपण उगाच त्यांना अळणी खायला घालतोय.

आणि तुझ्या कार्डावरचा आकडा मी मागच्या पत्रात विचारला होता, तू उत्तर दिलं नाहीस. दोन ट्रक दिसले हे तुला हसण्यासारखं वाटलं, मला नाही वाटलं. आकडा कळव. टाळू नकोस.

तेजू


नवा फड, ओढ्याच्या अलीकडे,
६ जानेवारी

तेजूस,

आम्ही तळ हलवला. इथं रेंज नाही, म्हणून फोन लागत नसेल. यांना दवाखान्यात नेते म्हटलं तर म्हणतात, हंगाम संपू दे.

तू विचारलंस म्हणून आठवून लिहिते. मांडवात एक टेबल होतं. त्याच्यामागं एक कोवळी पोरगी, आपल्यासारखी नव्हती, शहरातली असावी. शेजारी सुंदररावांचा माणूस वही घेऊन नावं पुकारत होता. "आश्रुबाचा कोयता!" असं म्हणाला की दोघांनी पुढं जायचं. पोरीनं विचारलं, कोयता म्हणजे काय? तो म्हणाला, एक नग. तिनं एक कार्ड काढलं. गर्दी इतकी होती की बिचारी मान वर करत नव्हती. तिच्या पुढ्यात नुसते दंड येत होते.

कार्डावर दोन चौकोन आहेत, पहिली नोंद आणि दुसरी नोंद. ती सांगत होती की एकदा मोजून भागत नाही, दोनदा मोजून दोन्हींची सरासरी काढायची असा नियम आहे. पहिल्या नोंदीला यांच्या दंडाला पट्टा बांधला. लगेच झालं. मग वहीवाला मला म्हणाला, "बस बाई, तुजं ऱ्हायलं." दुसऱ्या नोंदीला माझ्या दंडाला बांधला. माझ्या वेळी मशीन बिघडलं. पट्टा फुगला, थांबला, परत जास्त फुगला, परत थांबला, परत फुगला. दंड तुटतोय की काय असं झालं. पोरीनं मशीनला एक चापट मारली, मग आकडा आला. दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं आणि खालच्या मोठ्या चौकोनात लिहिलं. चौकोनातले आधीचे आकडे पेन्सिलीनं होते, ते माझ्या घामानं पुसले गेले.

सगळ्या बावीस कोयत्यांचं असंच झालं. आणि तू सारखं माझं कार्ड माझं कार्ड करतेस, तर माझं वेगळं कार्ड कुठलं असणार? आमचं एकच आहे. टन आमचं एक, वहीत नाव एक, कार्डही एक. मला तर वाटलं, दोघांचं मिळून एवढं आहे म्हणजे यांचं जास्त असणार. राग तर सगळा यांनाच येतो.

परवा नाकातून थोडं रक्त आलं. उष्णता. कांदा हुंगला की थांबतं.

आत्या


उपकेंद्र,
१० जानेवारी

आत्या,

हे पत्र मिळेल त्या क्षणी डोक्यावर जे असेल ते खाली टाक. बाकीचं नंतर वाच.

टाकलंस? आता ऐक. ते दोन चौकोन एकाच माणसाचे असतात. एकाच दंडाला दोनदा मोजायचं असतं. त्यांनी एक कोयता म्हणजे एक माणूस धरलं, आणि तुमच्या दोघांच्या आकड्यांची सरासरी काढून ती आतोबांच्या नावावर लिहिली. तूच मला वजाबाकी शिकवलीस, आता तूच करून बघ. दोघांचं मिळून निम्मं एकशे बावन्न. एकाचा एकशे वीस असेल, तर दुसऱ्याचा किती? एकशे चौऱ्याऐंशी. आणि मशीन बिघडलं नव्हतं. आकडा फार वर असला की पट्ट्याला तो एका दमात सापडत नाही, म्हणून तो परत परत फुगतो. तो तुझ्या दंडावर फुगला, आत्या.

आतोबांना काहीही झालेलं नाही. चांगल्या माणसाला बीपीची गोळी रोज दिली तर त्याला गरगरणारच, पायही सुजणार. त्यांची गोळी आजपासून बंद. आणि तू मात्र माझ्या सांगण्यावरून दुप्पट ओझं उचललंस, दोघांच्या वाटचं मीठ खाल्लंस. मी लिहिलं होतं, 'तू ठणठणीत, तुला काय होणार.' तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की कोयत्याला एक कार्ड मिळालं. मी ह्याच गावची, मला कोयता म्हणजे काय ते माहीत, तरी मी ते वाचून पुढं गेले. गेले चार तास मी रडतेय आणि फोन लावतेय. तुमचा बंद आहे. सुंदररावांना लावला तर म्हणतात, "आश्रुबा मजेत हाय, काळजी करू नगं," आणि माझं ऐकायच्या आत फोन ठेवतात.

तुमचा नवा फड कुठं ते ट्रकवाल्यालाच माहीत, म्हणून स्वतः मांजरसुंब्याला येऊन हे पत्र त्याच्या हातात देतेय. सोबत दुसरी चिठ्ठी आहे ती दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी. ज्या ट्रकनं पत्र आलं त्याच ट्रकनं दवाखान्यात जा. आतोबांना म्हणावं, तेजूनं शपथ घातलीय.

तेजू


मांजरसुंबा,
१२ जानेवारी, दुपारी

तेजश्री बेटी,

वाहेदचाचाचा सलाम. तुझा फोन लागत नाही, मोहिमेच्या गडबडीत असशील, म्हणून जीपवाल्याच्या हातानं हे देतोय. मला लिहायची आदत नाही, ट्यूबवर चॉकनं नंबर लिहितो तेवढंच. चूकभूल माफ कर.

आपला ट्रकवाला आज सकाळी फडावर पोचला. तिथून त्यानं रेंजमध्ये येऊन मला फोन केला. तो पोचायच्या अर्धा तास आधी तुझी आत्या फळीवरून पडली. मोळी डोक्यावरच होती. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात चालत नाही. लोक कांदा हुंगवत बसले होते. तुझं पत्र त्यानं आश्रुबाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, आश्रुबाला आधी समजलंच नाही. नुसता विचारत होता, "मंग मला काय झालंय? आन् हिला काय झालंय?" तीनदा वाचावं लागलं. मग आश्रुबानं स्वतः तिला उचलून केबिनमध्ये घातलं.

भरलेला ऊस तिथंच खाली ओतला आणि रिकामा ट्रक दवाखान्यात नेला. तुझी दुसरी चिठ्ठी डॉक्टरांनी वाचली. म्हणाले, ही हातात होती म्हणून वेळ वाचला, नाहीतर आम्ही पडल्यावर मार लागला असं समजलो असतो. जीव आहे, बेटी. बोलते थोडं. अल्लाह मेहरबान आहे.

तू लगेच निघ. दोन वाजता तिकडं जाणारी गाडी माझ्या दुकानापुढं उभी करून ठेवतो. तुझं मशीन सोबत घे.

वाहेद


जुना तळ,
९ फेब्रुवारी

तेजश्रीस,

आश्रुबाचा नमस्कार. हे पत्र तुझ्या आत्याचं हाय, हात माझा. ती सांगती, मी लिहितो. मी पाचवीपर्यंतच शिकलेलो. चुका माझ्या, राग तिचा.

ती म्हणती, लिहा. तेजे, तू जाऊन आठ दिवस झाले. तोंड सरळ झालं. उजव्या हातात चमचा राहतो, पेन राहत नाही, म्हणून हा लिहिणारा धरलाय.

ती म्हणती, लिहा की मला ह्यांचा राग आलाय. (लिहिलं.) फोन खिशात घालून फिरायचे म्हणून. (लिहिलं.) महिनाभर कोपीत आडवं पडून शहाळी पिली म्हणून. (हे बी लिहिलं. खोटं न्हाई.) मी आले की मुद्दाम कण्हायचे म्हणून. (हे तिला कळत होतं, ते मला म्हाईत नव्हतं.)

तुझ्यावरही थोडा राग आहे. तू शिकलेली, तरी पहिल्याच पत्रात मला ठणठणीत करून टाकलंस. पण आता रडायचं बंद कर. सगळ्यात जास्त राग मला माझा येतो. त्या पोरीला मला म्हणता आलं असतं की बाई, हा दंड वेगळ्या माणसाचा आहे. म्हटलं नाही. तीस वर्षं सगळं जोडीनं मोजलं जातंय, मला त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही.

तू इथं येऊन बावीस कार्डांची चव्वेचाळीस केलीस, त्यात माझ्यासारख्या अजून सहा बाया निघाल्या. दोघींच्या नवऱ्यांना त्यांच्या गोळ्या चालल्या होत्या. आता गोळी ज्याची त्यालाच मिळते. सुंदरराव आम्हाला सध्या अर्धा कोयता म्हणतात. म्हणू दे.

तू दिलेलं नवं कार्ड उशाखाली आहे. बायनाबाई. पहिला आकडा एकशे ब्याण्णव. आकडा वाईट आहे, मला कळतं. पण मी तो दिवसातून चार वेळा काढून बघते. एवढा ऊस तोडला, त्यातला एक टनही माझ्या नावावर कुठं लिहिलेला नाही. हा आकडा माझा एकटीचा आहे. कालचा एकशे चव्वेचाळीस आला. तोही माझाच. तू हसशील, पण तुला नाही कळायचं.

आता ती दमली, डोळं झाकून पडलीय. पुढचं तिनं सांगितलेलं न्हाई, मी माझ्या मनानं लिहितो.

तेजश्री, माझा आकडा एकशे अठरा हाय. तू दोनदा मोजलास, मी बघितलं. म्हंजी मी चांगला होतो. मला वाटायचं मी मरतोय आन् ती मला जगवतीय. गोळी तिची होती ती मी खाल्ली, मीठ माझं होतं ते तिनं खाल्लं. माझ्या वाट्याच्या मोळ्या तिच्या डोक्यावर गेल्या आन् मी सावलीत बसून मोजत होतो. हे मी कुणाला सांगू? टोळीत सांगितलं तर हसत्यात. म्हणून तुला लिहितो. तिला दाखवू नको.

फोन आता तिच्या उशाला ठेवलाय. आपण जुन्या तळावर आलोय, इथं रेंज येती. रोज सांजच्याला कर. स्पीकर लावत न्हाई. तू बोलायला लागलीस की मी भाईर जाऊन बसंन.

आश्रुबा